प्राणिशास्त्र विभागातले न हलणारे

आमच्या विभागात दोन गोष्टी कधीच फेकल्या जात नाहीत. एक म्हणजे फॉर्मॅलिनच्या बरण्या आणि दुसरी म्हणजे किस्से. बरणीतल्या सापाचा रंग उडून तो शेवईसारखा पांढरा पडला तरी कपाटातली त्याची जागा पक्की असते. किस्स्यांचं उलट आहे, ते जितके जुने होतात तितका त्यांना रंग चढतो. मी इथं सव्वीस वर्षं शिकवतेय, तेव्हा माझ्याकडे दोन्हींचा साठा भरपूर आहे. बरण्या बघायला कोणी येत नाही, म्हणून किस्से सांगते.

विभाग म्हणजे अमरावतीतल्या एका कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग. कॉलेजचं नाव विचारू नका, माझी अजून चार वर्षं नोकरी बाकी आहे. माणसं मोजकीच. विभागप्रमुख देशमुख सर, मी, प्रयोगशाळेतले महादेवभाऊ आणि गावंडे. पहिले तिघे कायम. गावंडे तासिका तत्त्वावर, म्हणजे ज्या तासाला शिकवेल त्या तासापुरता प्राध्यापक आणि घंटा झाली की कोणीच नाही. असा तो अकरा वर्षं होता. विद्यार्थी त्याला गावंडे सर म्हणायचे. आम्ही नुसतं गावंडे म्हणायचो.

त्याच्या पीएच.डी.चा विषय होता, शत्रू समोर आला की प्राणी निश्चल कसे राहतात. हा विषय घेऊन हा माणूस नेमका आमच्यात येऊन पडला, याला नशीब म्हणायचं की आणखी काही, ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

गावंडे अकोटजवळच्या एका खेड्यातला. घरची थोडी काळी जमीन, त्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. मुलाखतीला आला तो एसटीतून उतरून थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये, शर्टाला कडक इस्त्री आणि बुटांवर गावाची धूळ. आमचे प्राचार्य वाणिज्य शाखेचे. त्यांनी विषय विचारला आणि गावंडेनं जीव तोडून सांगितला. ससा, तित्तर, रातवा, टिटवीची पिल्लं. शिकारी प्राण्याच्या डोळ्याला आधी हालचाल दिसते, आकार मागून दिसतो. म्हणून हे प्राणी ना पळतात ना लढतात, जागच्या जागी बसून राहतात. काहींच्या तर छातीचे ठोकेसुद्धा मंदावतात.

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे प्राणी काहीच करत नाही."

"हो साहेब."

"आणि तो काहीच करत नाही, याचा तुम्ही पाच वर्षं अभ्यास करणार."

"साहेब, काहीच न करणं लय कठीण असते," गावंडे म्हणाला. "जीव जाची पाळी आली असतानी बसून राहा लागते."

देशमुख सर तोवर माझ्या शेजारच्या खुर्चीत नुसते बसले होते. ते माझ्याकडे झुकले आणि अगदी मनापासून विचारलं, "यात कठीण काय आहे?" तेव्हा त्यांना विभागप्रमुख होऊन चौदा वर्षं झाली होती.

* * *

आमच्या कॉलेजात स्टाफ मीटिंगचा एक रिवाज आहे. प्राचार्य शेवटच्या विषयावर येतात आणि म्हणतात, "आता काही जबाबदाऱ्या द्यायच्या आहेत." त्या क्षणाला साठ प्राध्यापक थांबतात. ज्याचा चहाचा कप ओठांपर्यंत गेलाय त्याचा तिथंच राहतो. इंग्रजीच्या मॅडम वहीत मान घालतात, फिजिक्सचे दोघे श्वासही जपून घेतात. प्राचार्यांची नजर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत फिरते आणि परत येते. नवा माणूस पहिल्याच मीटिंगमध्ये फसतो, कारण हे कोणी कोणाला शिकवत नाही.

गावंडे माझ्या शेजारी बसला होता. तो इतका खूश झाला की कुजबुजलाच, "मॅडम, हे तर माह्या थीसिसचं दुसरं प्रकरण चालू हाय."

मी उत्तर दिलं नाही. त्या वेळी उत्तर द्यायचं नसतं.

तेवढ्यात त्याच्या कानावर मच्छर बसला आणि त्यानं हात उचलून तो हाकलला.

"गावंडे, तुम्ही हात वर केलात?"

"साहेब, मच्छर होता."

"छान. वृक्षारोपण समिती, गावंडे."

एकदा जागा कळली की शिकारी तिथं पुन्हा पुन्हा येतो, हे त्याच्या तिसऱ्या प्रकरणात होतं. वर्ष संपेपर्यंत तो नऊ समित्यांवर होता आणि त्यातली एक डास निर्मूलनाची होती. देशमुख सर एकाही समितीवर नव्हते. त्या दिवशी मच्छर त्यांच्याही कानावर बसला होता, मी पाहिला. तो पोटभर जेवला आणि आपणहून उडून गेला.

* * *

काडीकिडा नावाचा एक किडा असतो. तो वाळक्या काडीसारखा दिसतो, म्हणजे इतका की शेजारी खरी काडी ठेवली तर काडीच खोटी वाटावी. गावंडेनं प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत असे अकरा पाळले होते. रोज पेरूची ताजी पानं घालायचा, पेटीवर पाणी शिंपडायचा. अकराच्या अकरा किडे दिवसभर काड्या होऊन लटकलेले असायचे आणि गावंडे समोर बसून टिपणं काढायचा. काय टिपत होता देव जाणे.

एकदा प्राचार्य प्रयोगशाळा पाहायला येणार असं कळलं. महादेवभाऊ तिवश्याचे, स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी फरशी पुसली, नळ घासले आणि काचेची पेटी आतून लख्ख केली. गावंडे तासावरून परत आला तर पेटी रिकामी.

"महादेवभाऊ, याच्यातले किडे कुठी गेले?"

"किडे नव्हतेच सर. नुसत्या काड्या होत्या. देल्या फेकून."

मागच्या बाजूला कडुनिंबाच्या आणि गुलमोहोराच्या काटक्यांचा ढीग होता. गावंडे दुपारभर त्या ढिगाशी बसला. काडीकिड्याचा गुण असा की त्याला हात लावला की तो जास्तच काडी होतो. फुंकर मारली तर वाऱ्यानं काडी हलावी तसा हलतो. म्हणजे तुम्ही जितकं तपासाल तितकी तो काडीच आहे अशी तुमची खात्री पटत जाते. शेवटी त्यानं संशयित काटक्या चार ट्रे भरून आत आणल्या आणि खिडक्या लावून घरी गेला. सकाळी ज्या भिंतीवर चढल्या होत्या ते किडे, ज्या ट्रेमध्ये राहिल्या त्या काटक्या.

गेले होते अकरा. भिंतीवर निघाले तेरा.

महादेवभाऊंनी दोनदा मोजले. "पाहा," ते म्हणाले, "म्या फेकले म्हणून दोन वाढले." विभागाच्या संशोधनातला आपला वाटा म्हणून ते आजही हे पाहुण्यांना सांगतात.

* * *

आमच्याकडे एक म्युझियम आहे. पेंढा भरलेले पक्षी, त्यात एक घार आहे जिचा एक पाय तारेचा आहे आणि एक बगळा आहे ज्याला बगळा म्हणायला मोठं मन लागतं. खिडकीची एक काच फुटलेली आहे. ती बदलून मिळावी म्हणून अर्ज दिलेला आहे. हे वाक्य मी गेली पाच वर्षं याच शब्दांत सांगते आहे.

वरूडचे एक संत्र्याचे मोठे व्यापारी आमचे माजी विद्यार्थी. त्यांना कॉलेज दाखवायला प्राचार्य स्वतः निघाले आणि म्युझियममध्ये आले. मागे देशमुख सर, मी आणि गावंडे. घार आणि बगळा यांच्या मधोमध एक पिंगळा बसला होता. गोल डोळे, पिसं कशी ताजी, पाय दोन्ही स्वतःचे.

"हा बघा," प्राचार्य म्हणाले. "किती जिवंत वाटतो."

"जपावं लागतं सर," देशमुख सर म्हणाले. "मी जातीनं लक्ष घालतो."

आमच्या म्युझियममध्ये पिंगळा नाही. हे मला माहीत होतं, देशमुख सरांना माहीत होतं आणि गावंडेला तर शंभर टक्के माहीत होतं. त्यानं बोलायला तोंड उघडलं तशी मी त्याचा दंड दाबला.

व्यापारी शेतावर वाढलेला माणूस. तो वाकून पक्ष्याच्या अगदी तोंडाजवळ गेला. पिंगळ्यानं एक डोळा सावकाश मिटला आणि उघडला.

"डोया मारला यानं," व्यापारी म्हणाला.

देशमुख सरांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "नवीन टेक्निक आहे," ते म्हणाले.

व्यापाऱ्यानं खूश होऊन म्युझियमला काचेचं कपाट भेट दिलं. घार आणि बगळा आता त्यात असतात. पिंगळा त्याच संध्याकाळी फुटक्या काचेतून निघून गेला. ती काच बदलून मिळावी म्हणून अर्ज दिलेला आहे.

* * *

एका हिवाळ्यात आम्ही तीस विद्यार्थी घेऊन एसटीनं अकोटच्या बाजूला गेलो. सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा माळ. गावंडे पुढे चालत होता. एकदम थांबला, हात मागे करून सगळ्यांना थांबवलं आणि हळूच म्हणाला की समोर रातवा बसलाय, त्या पळसाच्या वाळल्या पानांपाशी.

रातवा हा निशाचर पक्षी, दिवसभर जमिनीवर बसून राहतो. पानांचा रंग, मातीचा रंग आणि त्याचा रंग एकच. आम्ही बघायला लागलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी एक मुलगा म्हणाला, "दिसला सर." त्यानंतर मात्र पटापट सगळ्यांनाच दिसला. कोणी वहीत चित्र काढलं. देशमुख सरांना दिसला. मलाही दिसला, मी तर "काय सुंदर आहे" असंही म्हणाले. खरं म्हणजे मला दोन पानं आणि एक दगड दिसत होता. तेव्हा मला प्राणिशास्त्र शिकवायला लागून वीस वर्षं झाली होती.

गावंडेचा चेहरा इतका फुलला होता की मला बरंच वाटलं.

बराच वेळ उभं राहून देशमुख सरांचे पाय दुखले. पळसाच्या सावलीत चांगलीशी जागा होती. ते तिथं गेले, रुमाल अंथरला आणि जेवणाचा डबा उघडत बसायला वाकले. रुमालाखालून रातवा भर्रकन उडाला. डबा एकीकडे, झाकण दुसरीकडे, आणि सर हातात पोळी घेऊन उभे. जिथं आम्ही सगळे अर्धा तास एकटक बघत होतो, त्या जागेपासून हे ठिकाण चांगलं दहा पावलं डावीकडे होतं.

एका मुलीनं विचारलं, "मग आपण इतका वेळ काय पाहत होतो, मॅडम?"

मी तिला चालायला सांगितलं.

परतीच्या एसटीत गावंडे माझ्या शेजारी होता. त्यानं आपणहून सांगितलं की हे सगळं त्याला आईनं शिकवलंय. ती पाटलाच्या शेतात तण निंदायला जायची तेव्हा लहानपणी तो सोबत असायचा. पऱ्हाटीत कधी टिटवी डोक्यावर येऊन कलकलायला लागली की आई विळा खाली ठेवायची आणि जिथल्या तिथं उभी राहायची. कारण पिल्लं पायाखाली कुठंतरी असतात आणि टिटवीचा आवाज ऐकला की मातीला चिकटून पडतात, मेली तरी हलत नाहीत. बाकीच्या बाया पुढे निघून जायच्या, ओरडायच्या, पाटलीणबाईची बोलणी बसायची. आई हलायची नाही.

"मी म्हणो, आई, चाल ना. तर ते म्हणे, तिच्या लेकराले पाय लागंन. उभा राह्य थोडासा."

टिटवी गप्प झाली की पिल्लं उठून चालायला लागायची आणि मग आई विळा उचलायची. थीसिसमध्ये हे कुठं लिहिता येत नाही, असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. मला त्या दिवशी हा मुलगा फार आवडला. तसं मी त्याला बोलले नाही.

* * *

मग तपासणी समितीचं पत्र आलं. समिती म्हटल्यावर कॉलेजला रंग लागतो, कुंड्या येतात, बंद पडलेलं घड्याळ चालू होतं. म्युझियमच्या मागे उजाड मैदान आहे, त्यावर रोलर फिरवायचं ठरलं. एप्रिल महिना, मुलं परीक्षेच्या सुटीत. आणि त्याच मैदानात एका उंचवट्यावर, खड्यांच्या मधोमध, टिटवीनं चार अंडी घातलेली.

महादेवभाऊ खूश. टिटवीनं उंचावर अंडी घातली म्हणजे पाणी चांगलं, आणि चार म्हणजे चारही महिने. त्यांनी तिवश्याला फोन करून तसं कळवलंही.

रोलर आला. टिटवी चालवणाऱ्याच्या डोक्यावर झेपावून ओरडायला लागली. त्यानं खाली उतरून अंडी पाहिली, इंजिन बंद केलं आणि कडुनिंबाखाली डबा सोडला. प्राचार्यांनी विचारलं तर म्हणाला, "टिटवीच्या अंड्याईवर रोलर फिरवू? मले गावात तोंड नाही दाखवाचं का, साहेब?" प्राचार्यांनी दुसरा रोलरवाला बोलावला. तो पहिल्याचा मेव्हणा निघाला. दोघांनी मिळून जेवण केलं.

शेवटी मंडपवाल्याकडून हिरवी मॅट आणली आणि म्युझियमपासून मुख्य इमारतीपर्यंत मैदानातून वाट केली. गावंडे रोज सकाळी येऊन लांबूनच अंडी बघून जायचा. त्यानं मॅट चार हात बाजूनं टाकायला लावली, मंडपवाल्याला चहा पाजून.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर येऊन त्यानं मला सगळं सांगितलं. अकरा वर्षं तासिकेवर ठेवलेला माणूस समितीला दिसला तर कॉलेजचं बरं दिसणार नाही, म्हणून शिक्षकांच्या यादीत त्याचं नाव घातलेलं नव्हतं. विभागातली एक कायम जागा रिकामी होती. ती या वर्षी भरली नाही तर रद्दच होणार होती. समिती सुखरूप गेली की त्या जागेसाठी पहिला प्रस्ताव गावंडेचा. मात्र त्या दिवशी त्यानं म्युझियमच्या आत राहायचं, कोणाला दिसायचं नाही, काही बोलायचं नाही.

"साहेब म्हणे, तुमचाच विषय हाय ना, हलू नका," गावंडे हसून म्हणाला. मग हसणं थांबवलं. त्याची मुलगी चौथीत होती, तो एकेचाळीस वर्षांचा झाला होता, आणि ही जागा गेली तर दुसरी येणार नव्हती. "मॅडम, तुमी पण कधी एक शब्द टाकसान का माह्यासाठी?"

"अरे, म्हणजे काय," मी म्हणाले. "योग्य वेळ आली की नक्की टाकते."

* * *

समितीचे अध्यक्ष पुण्याकडचे, सत्तरीला आलेले, उंच, शांत गृहस्थ. सोबत दोन सदस्य. प्रयोगशाळा झाली, ग्रंथालय झालं, म्युझियम झालं. म्युझियममध्ये गावंडे मोठ्या कपाटाच्या मागे उभा होता. मला त्याचा बूट दिसला, दुसऱ्या कोणाला दिसला नाही.

तिथून आम्ही हिरव्या मॅटवरून मुख्य इमारतीकडे निघालो. पुढे अध्यक्ष आणि प्राचार्य, मग सदस्य, मग देशमुख सर आणि मी, शेवटी पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन महादेवभाऊ. अकरा वाजले होते आणि ऊन असं होतं की मॅट बुटाला चिकटत होती. मॅटखाली दगड. अध्यक्षांना ठेच लागली तशी ते म्हणाले, "मी आपला मातीवरूनच चालतो," आणि बाजूला उतरले. पाठोपाठ प्राचार्यही उतरले.

तेवढ्यात टिटव्या आल्या. नर, मादी दोन्ही. डोक्यावर घिरट्या घालत अशा ओरडायला लागल्या की एका सदस्यानं फाईल डोक्यावर धरली. अंडी आदल्या दिवशी फुटली होती, हे महादेवभाऊंनी मला सकाळीच सांगितलं होतं. पिल्लं कुठं आहेत ते कोणालाच माहीत नव्हतं. समोर नुसती माती आणि खडे.

मी मागे वळून पाहिलं. गावंडे म्युझियमच्या दारात आला होता. त्याचा एक हात चौकटीवर होता आणि तो आमच्याकडे नाही, जमिनीकडे बघत होता. प्राचार्यांनीही त्याला पाहिलं. त्यांनी नुसते डोळे मोठे केले.

अध्यक्षांनी पुढचं पाऊल उचललं.

"साहेब, पाय नका ठेवू!"

गावंडे धावत आला, अध्यक्षांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला आणि त्यांचा उचललेला बूट दोन्ही हातांनी वरच्या वर धरला. अध्यक्षांनी तोल जाऊ नये म्हणून प्राचार्यांचा खांदा पकडला.

"काय आहे?"

"हलू नका साहेब. कोणीच हलू नका. चार पिल्लं हायेत. तीन दिसून राह्यले, चौथं नाही दिसून राह्यलं."

आम्ही उभे राहिलो. अध्यक्ष एका पायावर, प्राचार्य त्यांना खांद्याचा आधार देऊन, सदस्य डोक्यावर फाईल धरून. महादेवभाऊंचा ट्रेसुद्धा वाजत नव्हता. गावंडे तसाच बसून मातीचा इंच न् इंच बघत होता. त्याच्या कोपरापासून घाम टपकत होता, पण अध्यक्षांचा बूट जिथं धरला तिथून हलला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. अध्यक्षांना मात्र राग आलेला नव्हता. तेही वाकून बघत होते.

हळूहळू टिटवीचा आवाज बदलला, उतरला, आणि ती थोड्या अंतरावर जमिनीवर बसून बारीक आवाजात बोलावायला लागली. अध्यक्षांच्या बुटाखालच्या मातीतून एक पिल्लू उठलं. मग दुसरं, तिसरं. चौथं प्राचार्यांच्या पॉलिश केलेल्या दोन बुटांच्या मधून निघालं आणि टुकूटुकू चालत आईकडे गेलं.

"सुरेख," अध्यक्ष म्हणाले. अजून एका पायावरच होते. त्यांनी खाली गावंडेकडे पाहिलं आणि मग प्राचार्यांना विचारलं, "हे आपल्या स्टाफमध्ये आहेत का?"

प्राचार्य समोर बघत राहिले.

अध्यक्षांनी देशमुख सरांकडे पाहिलं. देशमुख सरांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं थांबून, वाट बघत पाहिलं. माझ्या ओढणीचं टोक वाऱ्यानं हललं, ते मी हातानं धरून ठेवलं.

टिटवी पिल्लं घेऊन कुंपणापर्यंत पोचली होती. गावंडेनं अध्यक्षांचा बूट अलगद मातीवर ठेवला. वर कोणाकडेच पाहिलं नाही.

"झालं साहेब," तो म्हणाला. "आता हाललं तरी चालते."

कोणीच हललं नाही.